आराखडा पुण्यात, मग चिप तैवानमध्ये का?

प्रश्न : माझा भाचा पुण्यात चिपचे आराखडे करतो, मात्र ती चिप प्रत्यक्षात तैवानमध्ये तयार होते, असे तो सांगतो. आराखडा करणारी कंपनी स्वतःचाच कारखाना का काढत नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लेखक छापखाना काढत नाही, तसेच हे आहे. १९८७ साली मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी स्थापन केली, ती स्वतःच्या नावाने चिप न विकता केवळ इतरांच्या आराखड्यांबरहुकूम घडवून देण्यासाठी. त्यामुळे आपला कारागीरच उद्या प्रतिस्पर्धी होईल, ही ग्राहकाची धास्ती मिटली. एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्या आजही आपल्या चिप अशाच घडवून घेतात.

दुसरे कारण खर्चाचे. अद्ययावत कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात आणि तो रात्रंदिवस चालला तरच परवडतो, तेव्हा अनेकांची कामे एकाच छताखाली आणणे ओघाने आलेच. त्यातले सर्वांत महागडे, प्रकाशाच्या साहाय्याने चिपवर आराखडा उमटवणारे यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे (आपल्या कल्हईवाल्याकडचेच कथिल!) सूक्ष्म थेंब दर सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सोडून प्रत्येकावर लेसरचा मारा करतात आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवतात. हा प्रकाश हवेत आणि काचेतही शोषला जातो. म्हणून सारे काम निर्वात पोकळीत, भिंगांऐवजी आरशांच्या साहाय्याने करावे लागते.