प्रोसेसर निवांत, मग सर्व्हर का अडला?

प्रश्न (लालबाग): छापखान्यात चार कोअरचा लिनक्स सर्व्हर आहे. दुपारी सगळे ‘मशीन लटकलं’ म्हणून ओरडतात. ‘अपटाइम’ कमांड लोड 12 दाखवते, ‘टॉप’ कमांडमध्ये मात्र प्रोसेसर बहुतेक रिकामा. खरं कुणाचं मानायचं?

उत्तर: दोघांचंही. लोड म्हणजे काम चालू असलेल्या आणि वाट बघणाऱ्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) किती, ते. त्याचे तीन आकडे म्हणजे गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी. तुमचे चार कोअर म्हणजे स्टेशनावरच्या तिकिटाच्या चार खिडक्या समजा, आणि लोड म्हणजे खिडकीवरचे आणि रांगेतले मिळून. पण लिनक्स 1993 पासून या रांगेत डिस्कपाशी अडकलेल्यांनाही धरतं. खिडकी मोकळी, पण माणूस सुट्टे यायची वाट बघत बाजूला उभा, तरी मोजणीत आहेच. म्हणून ‘टॉप’मध्ये ‘डब्ल्यूए’ची (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेची) टक्केवारी बघा आणि ‘एस’ (स्थिती) रकान्यात ‘डी’ (अडकलेली) असलेल्या प्रोसेस शोधा. मग ‘व्हीएमस्टॅट 5’ (दर 5 सेकंदांनी आकडे देणारी कमांड) चालू ठेवा: ‘आर’ म्हणजे प्रोसेसरच्या रांगेतले, ‘बी’ म्हणजे अडकून पडलेले. पहिली ओळ सोडून द्या. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, मी एकदा तिच्याच नादात अर्धा दिवस घालवलाय. ‘बी’ फुगलेला असेल तर ‘आयओस्टॅट -एक्स 5’ नेमकी कोणती डिस्क ते सांगेल. रोज दुपारीच होतं म्हणता. कुणी त्या वेळेला बॅकअप लावून ठेवलाय का, आधी तेच विचारा.

प्रश्न (मुलुंड): 8 जीबी रॅमपैकी ‘फ्री’ जेमतेम 200 एमबी. दुकानदार रॅम वाढवा म्हणतो.

उत्तर: दुकानदाराला चहा पाजा, रॅम घेऊ नका. रिकामी रॅम लिनक्सला बघवत नाही. ती फाइलींच्या कॅशला (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला) लावतं, आणि कुणाला गरज पडली की त्यातली बरीचशी काढूनही देतं. ‘फ्री -एच’मधला ‘अव्हेलेबल’ रकाना खरा. ‘व्हीएमस्टॅट’मधले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (रॅम अपुरी पडून डिस्कशी होणारी ने-आण) सतत हलत असतील, तर मात्र दुकानदाराचं ऐका.

प्रश्न (गिरगाव): पहाटे तीनला सर्व्हर रडतो, सकाळी बघावं तर सगळं ठीक.

उत्तर: ‘सिसस्टॅट’ (सर्व्हरच्या आकड्यांची नोंद ठेवणारं पॅकेज) बसवा, त्याची नोंद चालू करा आणि झोपा. सकाळी ‘सार -क्यू’ रात्रीचा लोड वेळेसकट दाखवेल.

प्रश्न (अंधेरी): 50 जीबीची लॉग फाइल उडवली, तरी ‘डीएफ’ डिस्क भरलेलीच दाखवतो!

उत्तर: नाव गेलं, फाइल नाही. जिनं ती उघडली ती प्रोसेस अजून धरून बसलीय. ‘एलएसओएफ +एल1’ने ती सापडेल, तेवढी सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका, ‘ट्रंकेट -एस 0’ने रिकामा करा.