रोज दाढी केल्यावर मानेवर पुटकुळ्या का येतात?

इंदूरला नोकरी लागल्यापासून रोज दाढी करावी लागते आणि हनुवटीखाली खाजणाऱ्या पुटकुळ्या उठतात, असे आपण लिहिले आहे. या बहुधा मुरुमाच्या नसून आत वळलेल्या केसांच्या असाव्यात. कातडी ताणून, उलट्या दिशेने, दोन-तीन पात्यांच्या रेझरने केस कापला की त्याचे टोकदार टोक त्वचेच्या पातळीखाली जाते आणि केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेर न येता आतच रुततो. शरीर त्याला परका पदार्थ समजून तिथे सूज आणते. म्हणूनच राजवाड्याजवळच्या सलूनमध्ये आग्रहाने मारला जाणारा ‘उलटा हात’ गालावर निभतो, पण मानेवर, जिथे केसांची दिशा जागोजागी बदलते, तिथे बाधतो.

पुटकुळ्या बसेपर्यंत, शक्यतो तीन-चार आठवडे, दाढी वाढू द्यावी. ते जमत नसेल तर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट राखावेत. नंतर कोमट पाण्याने केस मऊ करून, नव्या एकपाती रेझरने, केसांच्या दिशेनेच एकदा हात फिरवावा. दाढीनंतर गार पाण्याची घडी ठेवावी. तुरटी रक्त थांबवते, सूज नव्हे, आणि सोललेल्या कातडीला ती झोंबते. चिमट्याने केस उपटू नये. मे महिन्यात हेल्मेटचा घामट पट्टा नेमका तिथेच घासतो, तो रोज पुसावा. पू झाला किंवा काळे डाग राहू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नये.