उलट मायसेलमध्ये प्रकाशाने होणारं इलेक्ट्रॉन स्थानांतरण साध्या पाण्यातल्यापेक्षा वेगळं का असतं?

मुख्य कारण पाणीच. हेप्टेन या तेलासारख्या द्रवात एओटी हा साबणासारखा पदार्थ आणि किंचित पाणी मिसळलं की तेलात एओटीने वेढलेले पाण्याचे थेंब बनतात; तेच उलट मायसेल. एओटीच्या एका रेणूमागे पाण्याचे १० रेणू असतील तर थेंबातल्या पाण्याची त्रिज्या साधारण २ नॅनोमीटर. एवढ्याशा जागेतलं बरंचसं पाणी एओटीच्या विद्युतभारित टोकांनी (सल्फोनेट गट) आणि सोडियम आयनांनी जखडलेलं. इलेक्ट्रॉनने एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारली की नव्या विद्युतभाराभोवती पाण्याच्या रेणूंना वळावं लागतं. मोकळ्या पाण्यात हे पिकोसेकंदाच्या आसपास उरकतं, इथे काही भाग नॅनोसेकंदापर्यंत, म्हणजे हजारपट वेळ रेंगाळतो.

म्हणून अभिक्रिया मंदच होते असं मात्र नाही. दाता (इलेक्ट्रॉन देणारा रेणू) आणि ग्राही (घेणारा) एकाच थेंबात सापडले तर शोधाशोध वाचते! शिवाय इलेक्ट्रॉन मिळालेला रेणू तेलात निसटला, तर इलेक्ट्रॉनचं माघारी जाणं लांबतं आणि प्रकाशातून मिळालेली ऊर्जा वापरायला वेळ मिळतो. सौरऊर्जेच्या संशोधकांचा डोळा त्यावरच.