क्लच दाबला की आवाज येतो: पूर्ण क्लच बदलावा का, आणि तो घरी बदलता येतो का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: इंजिन चालू असताना क्लच दाबला की घर्रर्र आवाज येतो, सोडला की थांबतो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, मेकॅनिकने ऐकताक्षणी पूर्ण किट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) बदलायला सांगितलं आणि तुम्हाला ते काम घरीच करायचंय. काम घरी होतं. पण गिअरबॉक्सला हात लावण्याआधी थोडा वेळ नुसतं ऐकण्यात घाला. आवाज पेडलच्या कोणत्या टप्प्यावर येतो, त्यावरून तो कुठून येतोय हे बरंचसं कळतं. ही पायरी गाळली, तर नवीन किट टाकूनही तोच आवाज ऐकत बसायची वेळ येते.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. पेडल सावकाश दाबा, सोडा. आत्ताच कुईकुई ऐकू आली तर दोष पेडलच्या बुशमध्ये, केबलमध्ये किंवा क्लच फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) जिथे टेकतो त्या जागी आहे. बुश किंवा केबल असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही.

मग हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन आयडलवर चालू द्या, काचा बंद करा आणि पाय पेडलवरून पूर्ण काढा. या स्थितीत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत आणणारा दांडा) इंजिनबरोबर फिरत असतो. आता घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबल्यावर थांबते, असं असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्या. ते गिअरबॉक्सच्या आत असतं, क्लच किटने जाणार नाही. तुमची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. त्यामुळे पेडल अगदी हलकं, फक्त मोकळी हालचाल संपेपर्यंत दाबून बघा. तिथेच आवाज सुरू झाला आणि पाय दाबत गेल्यावर वाढला, तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. बऱ्याच गाड्यांत हे बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगला (प्रेशर प्लेटच्या चकतीसारख्या स्प्रिंगला) कायम हलकं टेकलेलं असतं, तिथे आवाज सुरू होण्यापेक्षा बदललेला जाणवतो. आवाज पेडल अगदी तळाला गेल्यावर, तोही गाडी उभी असताना गिअर टाकल्यावरच येत असेल, तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला ज्यात बसतं ते). पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत ते नसतंच.

आता क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी घर्षणाची चकती) झिजली आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. झिजलेली प्लेट आवाज करण्याआधी बहुधा घसरते. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे आरपीएम चढले आणि वेग मागेच राहिला, तर क्लच धरत नाही. हे एकदाच बघा, वारंवार नको, कारण घसरताना प्लेट तापते. उलट, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. तेव्हा आधी केबलचं सेटिंग बघा, हायड्रॉलिक असेल तर फ्लुइडची लेव्हल, गळती आणि लाइनमधली हवा तपासा.

तुमच्या वर्णनाला रिलीज बेअरिंगच जुळतं. तरीही मेकॅनिकचं म्हणणं मला चूक वाटत नाही. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि एवढी मेहनत करून जुनी प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट परत बसवण्यात अर्थ नाही. प्लेट अलीकडेच बदललेली असेल तरच माझं मत वेगळं असेल.

हे काम अवघड असण्यापेक्षा जड आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीखाली जायचं ते जॅक स्टँडवर गाडी हलत नाही याची खात्री झाल्यावरच. गिअरबॉक्सचं माउंटिंग सुटलं की इंजिन एका बाजूला कलतं, त्यामुळे त्याला आधीच वरून सपोर्ट बार लावा किंवा खालून लाकडी फळी ठेवून आधार द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढणं, गिअर ऑइल सोडणं, ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, गिअरच्या केबल, हा क्रम तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. गिअरबॉक्स पेलायला दुसरा माणूस आणि ट्रान्समिशन जॅक हवाच. गिअरबॉक्स इंजिनपासून सरळ रेषेत बाहेर ओढा. अर्धवट निघालेल्या गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. त्याने प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो. बसवतानाही हे तितकंच खरं आहे.

आतली धूळ फुंकू नका, एअर गनने उडवू नका. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत ढिले करा. प्लेट हातात आली की नीट न्याहाळा. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलंय का, हबच्या स्प्रिंगा खुळखुळतात का, आणि मुख्य म्हणजे ती तेलकट आहे का. तेलकट असेल तर इंजिनचं मागचं ऑइल सील किंवा इनपुट शाफ्टचं सील गळतंय. ते न बदलता नवीन प्लेट टाकली, तर तीही तेल पिऊन धक्के देत धरेल. फ्लायव्हीलवर (इंजिनची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) निळे डाग, बारीक तडे, खोल चरे दिसले तर ते टर्निंगला (मशीनवर सपाट करायला) किंवा बदलायला जातं. ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंगा असलेलं, दोन भागांचं) असेल तर टर्निंग करू नका, त्याचा प्ले (ढिलेपणा) मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

नवीन प्लेटवर फ्लायव्हीलची किंवा गिअरबॉक्सची बाजू छापलेली असते. ती वाचूनच लावा, उलटी बसली तर सगळं पुन्हा उतरवावं लागेल. लायनिंगला तेलकट हात लावू नका. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस अगदी पुसट, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. रिलीज बेअरिंग सॉल्व्हंटने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. प्रेशर प्लेट आवळताना अलाइनमेंट टूल प्लेटच्या मधोमध ठेवाच, आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने.

गिअरबॉक्स परत बसवताना शेवटच्या बोटभर अंतरावर अडकतो, आणि तिथेच घाई होते. बोल्ट आवळून त्याला आत ओढू नका, हाउसिंग तडकतं. गिअर टाका, ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूने थोडं फिरवा. स्प्लाइन जुळले की तो हाताने सरकतो. नाहीच सरकला तर बाहेर काढा आणि अलाइनमेंट पुन्हा बघा.

गिअर ऑइल आठवणीने भरा. हायड्रॉलिक उघडलं असेल तर हवा काढा. गाडी खाली उतरवण्याआधी पुढची चाकं अधांतरी असतानाच इंजिन चालू करा, पेडलची तीच चाचणी घ्या आणि सगळे गिअर पडतात का बघा. पहिले काही शे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी धरून ठेवणं टाळा, आणि सिग्नलला न्यूट्रल करून पेडल सोडत जा. रिलीज बेअरिंग तिथेच सर्वांत जास्त झिजतं.