फिनलंडमध्ये जॅझ गायिकेला शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतात का?

तुमचा प्रश्न असा: मुलीला हेलसिंकीला जाऊन जॅझ गायन शिकायचंय, तिथे गायिकेचं करिअर कसं चालतं, आणि 'शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतात' हे खरं का.

शिकवावं लागतं, हे खरं. पण त्यात कमीपणा कसला? मी इथे गायनच शिकवते, म्हणून हे टोचलं. 'शिकवणारा तो गाणारा नव्हे' हे आपल्याकडे इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. जेमतेम 56 लाख वस्तीचा देश. नुसत्या मैफलींवर घर चालवणाऱ्या जॅझ गायिका इथे फार थोड्या. बाकीच्या गातात आणि शिकवतात, आणि दोन्ही कामं चोख करतात.

इथलं शिकवणं म्हणजे घरच्या हॉलमधली शिकवणी नव्हे. मुलांच्या कलाशिक्षणाला 1998 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली संगीतशाळा चालतात, सरकार आणि नगरपालिका पैसा घालतात. विस्तृत अभ्यासक्रम 1300 तासांचा, सर्वसाधारण 500 तासांचा. तिथे कायमची जागा हवी तर पदवीत शिक्षणशास्त्राचे 60 क्रेडिट, म्हणजे साधारण वर्षभराचा अभ्यास, लागतो. मुलीला सांगा, हे 60 क्रेडिट शिकतानाच उरकून घे. नंतर नोकरी, रात्रीचे कार्यक्रम आणि अभ्यास एकत्र ओढताना दमछाक होते. पात्रता नसली तर बहुधा वर्षावर्षाच्या करारावर राहावं लागतं, आणि तासांवर काम असेल तर उन्हाळ्यात पगार नाही.

वर्षाचं गणित मात्र छान जमतं. शाळा ऑगस्ट ते मेअखेर. जुलैत महोत्सव, पोरी या शहरातला जॅझ महोत्सव तर 1966 पासून चालू आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑफिसांच्या नाताळपूर्व पार्ट्या, गायिकांचा सुगीचा हंगाम तोच.

शिकायला मुख्य वाटा दोन. एक, हेलसिंकीची सिबेलियस अकादमी, विद्यापीठ पातळीची संगीतसंस्था; तिथे जॅझ विभाग 1983 पासून आहे. पदवी 180 आणि पदव्युत्तर 150 क्रेडिट. दुसरी, उपयोजित विज्ञान विद्यापीठ, म्हणजे व्यवसायाकडे झुकलेलं विद्यापीठ; तिथली संगीतशिक्षकाची पदवी 240 क्रेडिटची. त्याआधीची पायरी म्हणजे पॉप-जॅझ कॉन्झर्व्हेटरी हे संगीत विद्यालय, हेलसिंकीच्या ओउलुनक्यूला भागात 1972 साली सुरू झालेली.

आता मुली कुठे अडतात ते. माझी एक विद्यार्थिनी, दहा वर्षं खयाल शिकलेली, गळा सुरेख. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी पियानो, बास, ड्रम आणि टेनर सॅक्सोफोन असा वाद्यमेळ बसवला. तिने छापील पुस्तकातलं गाण्याचं पान जसंच्या तसं आणलं, ई फ्लॅट या पट्टीत. ती पट्टी वाजवणाऱ्यांच्या सोयीची; जॅझमध्ये बाई बोलण्याच्या आवाजाजवळ गाते, त्यामुळे बहुतेक गाणी चार-पाच स्वर खाली न्यावी लागतात. तिला बी फ्लॅट बरोबर बसत होती. आपल्याकडे पट्टी बदलली की तानपुरा नि तबला पुन्हा लावला, काम झालं. इथे प्रत्येकाच्या हातात कागद असतो. पियानो आणि बासला बी फ्लॅट, टेनरला तेच सी मध्ये लिहून द्यायचं (टेनरवर कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट), आल्टो सॅक्सोफोन असता तर जी मध्ये. तिच्याकडे एकच कागद होता. टेनरवाल्याने मनातल्या मनात पट्टी बदलत पहिला भाग कसाबसा काढला, मधल्या आठ बारच्या तुकड्यात (एक बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वरसमूह, भराभर बदलतात, तिथे तो थांबला. पाठोपाठ सगळेच थांबले.

दुसरी अडचण लयीची. समेवर वजन टाकायची सवय हाडात मुरलेली, म्हणून तिची टाळी पहिल्या ठोक्यावर पडे. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डोलत्या लयीत, ती दुसऱ्या आणि चौथ्यावर हवी. पहिल्यावर टाळी पडली की बासवाला ओढल्यासारखा वाजवायला लागतो आणि लय जड होते. उपाय सोपा आहे: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) निम्म्या गतीला लावायचा आणि त्याचा ठोका दोन-चार समजून गायचं. 120 ची लय हवी तर मेट्रोनोम 60 वर. पहिला आठवडाभर सगळं घसरतं, मग अचानक पकड येते. लय देण्याआधी गाण्याचा मधला तुकडा मनात गुणगुणून घ्यावा. सुरुवातीच्या ओळीवरून लय धरली तर हमखास जलद निघते.

कागदावर आणखी काय हवं? सुरुवात (बहुतेकदा शेवटचे चार बार), गाणं एकदा, पियानोचा सोलो किती फेऱ्या, गायिका परत कुठून शिरणार, शेवटची ओळ किती वेळा. गाणं सर्वाधिक वेळा फिसकटतं ते शेवटाला, कारण तोच कोणी लिहीत नाही. हे सगळं तिला एका शिक्षिकेने शिकवलं, आणि शिकवणारी स्वतः स्टेजवर उभी राहते म्हणूनच शिकवू शकली. 'गळा असला की पुरे' म्हणणाऱ्यांनी त्या तालमीला येऊन बसायला हवं होतं.

पैशाचं थोडक्यात: स्वतःच्या रचना तेओस्तो या रचनाकारांच्या हक्कसंस्थेकडे नोंदवायच्या, ध्वनिमुद्रणातल्या गाण्याचे हक्क ग्रामेक्स या कलाकारांच्या हक्कसंस्थेकडे. चार महिने किंवा जास्तीची शिष्यवृत्ती मिळाली तर पेन्शनचा विमा मेला या संस्थेकडे आपण स्वतः काढायचा असतो. कार्यक्रमाच्या मानधनाला करपत्र (किती कर कापायचा ते सांगणारा कागद) लागतं, ते आधीच द्यावं, नाहीतर 60 टक्के कापून हातात येतं.

आणि हो, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी माध्यमाच्या पदवीला 2017 पासून फी आहे, तेव्हा हिशेब आधी करा. संगीतशाळेतली मुलं फिनिश बोलतात. सहा-सात वर्षांच्या पोराला 'श्वास पोटात घे' हे इंग्रजीत सांगून चालत नाही, म्हणून मुलीची भाषेची शिकवणी पुण्यातून निघायच्या आधीच सुरू करा.