गोळी सोडली आणि डोक्यात करंट बसायला लागले

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी चोपडा तालुक्यातून लिहितेय, वय ३६. वडील गेले तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही, नुसतं रडू, म्हणून डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. २ वर्षं रोज रात्री घेतली आणि खरंच बरं वाटलं, परत शेतात जायला लागले, केळीचे घड उतरवायच्या वेळी सगळ्यांचा स्वयंपाक एकटीने करायला लागले. सासूबाई रोज म्हणायच्या, "आते बरी शे ना तू, मंग त्या गोया सोडी दे माय." मलाही वाटलं आता कशाला, आणि एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात झर्रकन करंट बसतो, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं. परवा मुलाच्या हातून दुधाचा पेला सांडला तर मी एवढी ओरडले की तो कोपऱ्यात जाऊन बसला. आज नववा दिवस. घरचे म्हणतात सवय लागली गोळीची. माझा आजार परत आला का?

उत्तर : ताई, आधी एवढं ऐका, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी हा आजार परत आल्यासारखा वाटत नाही, गोळी अचानक थांबल्याचा हा त्रास आहे. तो करंट तर अगदी ओळखीचा आहे, नुसते डोळे बाजूला फिरवले तरी बसतो, पेशंटला सांगायला लाज वाटते कारण त्यांना वाटतं आपण वेडे ठरू. नका लाजू. आजार परततो तेव्हा बहुतेक वेळा हळूहळू येतो, काही आठवडे-महिने जातात, कामातला जीव उडतो, सकाळी उठावंसं वाटत नाही. तुमचं तिसऱ्याच दिवशी सुरू झालं आणि सोबत चक्कर, मळमळ, करंट, हा शरीराचा हिशोब आहे.

आणि सवय म्हणाल तर दारू-तंबाखूसारखं व्यसन हे नाही, तुम्हाला गोळीची तलफ आलेली नाही की डोस वाढवत न्यावासा वाटला नाही. पण २ वर्षं मेंदूने त्या औषधाशी जुळवून घेतलंय, ते एका रात्रीत काढून घेतलं तर तो गडबडणारच. सासूबाईंना हेच सांगा, मायेनेच बोलल्या त्या, पण बरं वाटणं वेगळं आणि गोळी बंद करायची वेळ होणं वेगळं.

आता करायचं काय. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, किती दिवस झाले ते खरं सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. बऱ्याचदा पहिला डोस परत सुरू केला की काही दिवसांतच त्रास उतरतो, आणि मग सावकाश खाली यायचं, पण ते त्यांनी ठरवायचं, आपल्या मनाने नाही.

सावकाश म्हणजे कसं ते शेताच्या भाषेत सांगतो. कोरड्या मातीला पहिलं थोडं पाणी दिलं तरी लगेच पिते, एकदा भिजली की वर कितीही सोडा, फारसा फरक नाही. या गोळ्यांचंही तसंच, थोड्या डोसमध्येच मेंदूवरचा बराचसा परिणाम होऊन जातो. म्हणून २० वरून १० वर येणं अनेकांना सोपं जातं आणि ५ वरून शून्यावर येताना माणूस कोलमडतो, कारण आकडा छोटा दिसला तरी खरी उतरण तिथेच आहे. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या मासिकात हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी हेच मांडलं, की जसजसं खाली याल तसतशी पायरी लहान करा. म्हणजे १० वरून साडेसात, मग ५, मग अडीच, मग त्याच्याही अर्धं, प्रत्येक पायरीवर २ ते ४ आठवडे, आणि त्रास झाला तर तिथेच थांबायचं किंवा एक पायरी वर जायचं. काहींचं महिन्या-दोन महिन्यांत होतं, काहींना वर्ष लागतं, त्यात कमीपणा काही नाही. गोळी कापायचं कटर मेडिकलवर मिळतं, पण कोणती गोळी कापलेली चालते ते आधी विचारा.

एक वही ठेवा. तारीख, डोस, झोप, करंट किती वेळा, एवढंच. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल. आणि आपल्याकडचं ऊन माहिती आहे ना, सगळी चक्कर गोळीच्याच माथी मारू नका, बीपी आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. चक्कर आहे तोवर गाडी चालवू नका, विहिरीच्या काठाला जाऊ नका. लग्नाचा सीझन, पेरणी, मुलाची परीक्षा असल्या दिवसांत डोस कमी करायला घेऊ नका.

जीव नकोसा वाटला, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं तर मात्र वाट बघायची नाही, घरातल्या एकाला लगेच सांगा आणि दवाखाना गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मुलाजवळ मात्र आजच बसा. त्याला सांगा, आईच्या औषधाची गडबड झाली होती, तुझं काही चुकलं नाही. लेकरं स्वतःकडे दोष घेऊन बसतात.

प्रश्न : मी धुळ्याचा, पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरचीच गोळी घेतो. कमी करायची म्हणून एक दिवसाआड घेतली तर चालेल का?

उत्तर : नको भाऊ. ही गोळी साधारण एका दिवसात अंगातून अर्धी उतरते, त्यामुळे एक दिवसाआड घेतली की एक दिवस भर आणि एक दिवस ओढाताण, मेंदूला रोजच झोका. रोज घ्या पण थोडी कमी, तेही डॉक्टरांना विचारून. फ्लुओक्सेटिन या याच गटातल्या औषधाचं वेगळं, ते अंगात बरेच दिवस रेंगाळतं म्हणून त्याला असा झोका कमी बसतो, आणि म्हणूनच शेजाऱ्याने दिवसाआड घेऊन सोडली आणि त्याला काही झालं नाही, हे ऐकून आपली सोडायची नाही. आधी त्याच्या गोळीचं नाव विचारा.