मंत्रिमंडळात फेरबदल झाला की नाशिककर 'काय फरक पडतो?' असं का म्हणतात?

कारण खुर्च्या बदलतात, पण ज्या निर्णयांची इथे वाट पाहिली जाते ते बहुतेक त्या खुर्च्यांवरून होतच नाहीत. मी लासलगावात आडतीचा हिशेब बघतो. ३१ जुलै २०२५ ला माणिकराव कोकाट्यांकडचं कृषी खातं काढून दत्तात्रय भरण्यांना दिलं आणि कोकाट्यांना क्रीडा खातं मिळालं. सिन्नरचा माणूस कृषिमंत्री होता म्हणून आमच्या लिलावात ट्रॉलीमागे कांदा महाग गेला नव्हता, आणि तो गेल्यावर स्वस्तही झाला नाही. ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, एप्रिल २०२५ ला उठलेलं २० टक्के शुल्क, सगळं दिल्लीतून. त्यातच घटनेनुसार मंत्र्यांची मर्यादा आमदारांच्या १५ टक्के, म्हणजे २८८ मागे मुख्यमंत्र्यांसह ४३. तीन पक्षांत तेवढी पदं वाटायची म्हटल्यावर खातं कुणाला झेपेल यापेक्षा कुणाचं रुसणं काढायचं हेच आधी. डिसेंबर २०२४ ला वगळलेले येवल्याचे छगन भुजबळ पाचच महिन्यांत, मे २०२५ ला, पुन्हा शपथ घेताना दिसले, मग लोकांनी हसू नये तर काय करावं?

एक मात्र खरं, पालकमंत्रिपदाला हे लागू नाही. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं, रस्ते-शाळांचा निधी तिथून हलतो. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्र्याचं नाव जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, ती उगाच नाही.